दोरी आणि शब्द : किनबाकूच्या इतिहासातील संमतीचा प्रश्न

१.

जपानी भाषेत ‘शिबारी’ म्हणजे बांधणे. गाठोडे बांधणे, गवताची पेंढी बांधणे अशा कोणत्याही साध्या क्रियेला हा शब्द चालतो. ‘किनबाकू’ म्हणजे घट्ट बांधणे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा दुसरा शब्द दोन प्रौढ व्यक्तींनी परस्परसंमतीने कामव्यवहारात योजलेल्या दोरीच्या बंधनासाठी रूढ झाला. जपानबाहेर मात्र पहिलाच शब्द अधिक पसरला. या विधेला आज प्रयोगकलेचे, छायाचित्रणाचे आणि शिक्षणक्रमाचेही रूप आले आहे. तिच्यातील ‘त्सुरी’ हा प्रकार, म्हणजे बांधलेल्या व्यक्तीस अंशतः वा पूर्णतः अधांतरी टांगणे, सर्वांत अवघड व सर्वांत धोक्याचा मानला जातो.

साहित्यविचाराच्या क्षेत्रात या विषयाची चिकित्सा करण्यास एक सबळ कारण आहे. किनबाकूची घडण शयनगृहात झालेली नाही. न्यायशासनाची संहिता, रंगभूमी, काष्ठमुद्राचित्रे, नियतकालिके आणि कादंबरी यांतून ती घडत गेली आहे. आधी प्रतिमा निर्माण झाली, आणि त्या प्रतिमेचे अनुकरण म्हणून प्रत्यक्ष व्यवहार उभा राहिला, असा या इतिहासाचा क्रम आहे. साहजिकच प्रतिमेने जे वगळले ते व्यवहारातही दीर्घकाळ वगळले गेले. वगळलेल्या गोष्टी प्रामुख्याने दोन : बांधल्या जाणाऱ्या व्यक्तीचा शब्द आणि तिच्या देहाची मर्यादा. संमती आणि सुरक्षितता ही आजची दोन तत्त्वे म्हणजे या दोन वगळलेल्या गोष्टींचे पुनरागमन होय. दोरी आणि शब्द यांच्यातील नाते कसकसे पालटत गेले याचा मागोवा घेऊन हे पुनरागमन समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२.

एदो काळात (१६०३–१८६८) जपानमध्ये ‘होजोजुत्सु’ नावाची, म्हणजे दोरीने कैद्यास जखडण्याची, एक शस्त्रविद्या विकसित झाली. तिचे अनेक संप्रदाय होते आणि प्रत्येक संप्रदाय आपल्या बांधणीची रीत गुप्त राखीत असे. पकडताना घाईने घालावयाची दोरी ती ‘हायानावा’, आणि कैद्यास नेताना वा लोकांसमोर उभे करताना घालावयाची सविस्तर दोरी ती ‘होन्नावा’. कैद्याचा सामाजिक दर्जा आणि त्याचा अपराध यांनुसार बांधणीची रीत बदलत असे. सामुराईची बांधणी वेगळी, भिक्षूची वेगळी, स्त्रीची वेगळी. बांधले जाणे ही घोर अप्रतिष्ठा मानली जात असल्याने, ज्याचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही त्यास गाठ न मारता केवळ वेढे देऊन आवळावे, असाही दंडक होता. गाठ पडली नाही म्हणजे तो ‘बांधला गेला’ असे म्हणता येत नसे.

येथे एक पूर्ण विकसित चिन्हव्यवस्था दिसते. दोरी कैद्यास केवळ रोखत नाही. तो कोण आहे, त्याने काय केले आणि राजसत्तेशी त्याचे नाते आता काय राहिले, हे ती पाहणाऱ्यास सांगते. कैद्याने निसटू नये, त्यास इजा होऊ नये, रीत इतरांच्या ध्यानी येऊ नये आणि बांधणी दिसावयास सुंदर असावी, असे चार नियम या विद्येसंबंधी सांगितले जातात. सौंदर्याची अट आणि इजा न होण्याची अट या शिक्षेच्या दोरीतच एकत्र नांदत होत्या, ही बाब लक्षणीय आहे. पुढे सौंदर्याची अट चित्रकारांनी उचलली. दुसरी अट मात्र मागे राहिली.

त्याच शासनाच्या हाती दोरीचा आणखी एक उपयोग होता. तोकुगावा योशिमुने याच्या कारकिर्दीत १७४२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कुजिकाता ओसादामेगाकी’ या संहितेच्या काळात यातनांचे चार प्रकार अधिकृत होते : फटके, त्रिकोणी लाकडांवर गुडघे टेकवून मांडीवर शिळा ठेवणे, देह कोळंबीसारखा वाकवून बांधणे (‘एबिझेमे’) आणि हात पाठीमागे बांधून टांगणे (‘त्सुरिझेमे’). शेवटचा प्रकार सर्वांत कठोर समजला जाई. गंभीर अपराधात दोषसिद्धीसाठी कबुलीजबाब आवश्यक मानला जात असल्याने या यातनांचे प्रयोजन एकच होते : शब्द बाहेर काढणे. दोरी आवळत जायची ती कैदी बोलेपर्यंत. अपेक्षित शब्द उच्चारला गेला की दोरी सैल व्हायची, पण त्या शब्दाने कैद्याची सुटका होत नसे, त्याच्या दंडावर शिक्कामोर्तब होत असे. मेइजी शासनाचे फ्रेंच विधिसल्लागार बुआसोनाद यांनी १८७५ मध्ये या पद्धतीचा निषेध नोंदविला आणि १८७९ मध्ये न्यायालयीन यातना कायद्याने रद्द झाल्या.

यातना रद्द झाल्या तरी त्यांची नावे व आकृती उरल्या. आजच्या किनबाकूत ‘एबी’ आणि ‘त्सुरी’ हे शब्द प्रचलित आहेत. ज्या स्थिती देहाला असह्य व्हाव्यात म्हणूनच योजलेल्या होत्या, त्यांचे सांगाडे सुखाच्या व्यवहारात उतरले. या प्रकारांतील धोका अपघाताने आलेला नाही, तो वारशाने आला आहे. सुरक्षिततेचा विचार या ऐतिहासिक वस्तुस्थितीपासून सुरू करावा लागतो.

३.

शिक्षेच्या दोरीचे रूपांतर प्रथम रंगभूमीवर झाले. ‘गिओन साइरेइ शिन्कोकी’ हे बाहुलीनाट्य १७५७ मध्ये ओसाका येथे सादर झाले आणि लवकरच ते काबुकीत आले. त्यातील ‘किंकाकुजी’ हा प्रवेश विशेष गाजला. प्रख्यात चित्रकार सेश्शू याची नात म्हणून या नाटकात येणारी युकिहिमे हिला चेरीच्या झाडाला बांधून ठेवलेले असते. वरून पाकळ्या गळत असतात. सेश्शूने बालपणी, बांधलेला असताना, आपल्या अश्रूंनी जमिनीवर उंदीर रेखाटला होता ही आख्यायिका तिला आठवते. ती पायाच्या बोटांनी पाकळ्यांमध्ये उंदीर रेखाटते, ते सजीव होतात आणि दोरी कुरतडून तिला मुक्त करतात. यातनागृहातील दोरी कैद्याकडून शब्द हिसकावून घेत होती. येथे बांधलेली स्त्री स्वतःच चिन्ह निर्माण करते आणि त्या चिन्हाने सुटते. बंधनाच्या सौंदर्याचा जपानी परंपरेतील हा एक मूलस्रोत, आणि त्यात सुटकेचा अधिकार बांधलेल्या व्यक्तीच्या हाती आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा अनुभव सहज मांडता येतो. युकिहिमेचे दुःख प्रेक्षकाला लौकिक दुःख म्हणून जाणवत नाही. साधारणीकरणामुळे ते विशिष्ट व्यक्तीच्या आणि विशिष्ट प्रसंगाच्या बाहेर पडते आणि आस्वाद्य होते, असे अभिनवगुप्ताच्या भूमिकेवरून म्हणता येईल. रामचंद्र-गुणचंद्र यांनी बाराव्या शतकात ‘नाट्यदर्पणा’त रस सुखात्मक तसाच दुःखात्मकही असतो असे मानले, आणि करुणादी रसांतील चमत्काराचे श्रेय कवी व नट यांच्या कौशल्यास दिले. दोन्ही भूमिकांत एक गृहीत समान आहे : रंगभूमीवरील बंधन नटाच्या देहाला खरोखर बाधा पोचवीत नाही. किनबाकूत नेमके हेच गृहीत कोसळते. येथे बांधली जाणारी व्यक्ती एकाच वेळी विभाव आहे आणि लौकिक देहही. तिच्या मुद्रेचे साधारणीकरण होऊ शकेल, तिच्या दंडातील मज्जातंतूचे होणार नाही.

देहाची ही अट चित्रकलेने सोयीस्करपणे बाजूस सारली. त्सुकिओका योशितोशी (१८३९–१८९२) याने १८८५ मध्ये अदाचिगाहारा येथील राक्षसीच्या दंतकथेवर एक उभे जोडचित्र काढले. त्यात एक गर्भवती स्त्री छपराच्या आढ्याला उलटी टांगलेली आहे आणि खाली म्हातारी सुरीला धार लावीत आहे. चित्रातील दोरीला वजन पेलावे लागत नाही. तेथे काळ थांबलेला असतो, म्हणून रक्त साकळत नाही आणि श्वास अडत नाही.

टोकियोच्या असाकुसा भागात जन्मलेला चित्रकार इतो सेईऊ (१८८२–१९६१) याने हे चित्र काळात आणले. काबुकीतील यातनाप्रवेशांनी तो बालपणापासून भारावला होता. एदोकालीन लोकजीवनाचा चित्रमय कोशकार म्हणूनही त्याची ख्याती आहे. ‘सेमे-ए’, म्हणजे यातनाचित्र, हा त्याचा खास प्रांत. चित्रासाठी नमुना हवा म्हणून तो प्रत्यक्ष स्त्रियांना बांधून त्यांचे रेखाटन व छायाचित्रण करू लागला, आणि १९२१ च्या सुमारास योशितोशीच्या चित्राचे अनुकरण करण्यासाठी त्याने आपल्या गर्भवती पत्नीस उलटे टांगून छायाचित्रे घेतली. यातनांवरील त्याच्या १९२८ मधील ग्रंथावर शासनाने बंदी घातली. किनबाकूचा जनक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. परंतु या जनकत्वाचा अर्थ स्पष्टपणे सांगितला पाहिजे. प्रतिमेची मागणी पूर्ण करण्यासाठी जिवंत देह प्रतिमेच्या साच्यात बसविणे, ही पद्धत येथे स्थिर झाली. त्या देहाचे स्वतःचे निवेदन मात्र प्रतिमेत उतरले नाही.

४.

युद्धोत्तर काळात ही प्रतिमा नियतकालिकांत शिरली. १९४७ मध्ये निघालेले ‘कितान क्लब’ हे आरंभी सर्वसाधारण करमणुकीचे मासिक होते. १९५० नंतरच्या काही वर्षांत त्याचा रोख बंधन व यातना यांच्या कल्पनांकडे वळला. चित्रकार व संपादक सुमा तोशियुकी हे स्त्रीचे टोपणनाव घेऊन त्यात चित्रे काढीत आणि दुसऱ्या टोपणनावाने लेखन करीत. ‘उरामादो’ हे त्याच प्रकृतीचे दुसरे मासिक १९५६ पासून निघू लागले. या मासिकांतील वाचकांची पत्रे व निवेदने हा भाग साहित्येतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. स्वतःला एकाकी व विकृत समजणाऱ्या वाचकांना आपल्यासारखेच अन्य कोणी आहेत हे त्यांतून कळले. तेथे एक वाचकसमूह, आणि त्याबरोबर एक शब्दसंग्रह, आकारास आला.

१९६२ मध्ये दान ओनिरोकु (१९३१–२०११) यांची ‘हाना तो हेबी’ (फूल आणि साप) ही कादंबरी ‘कितान क्लब’मध्ये क्रमशः येऊ लागली. १९७४ मध्ये निक्कात्सु चित्रसंस्थेने कोनुमा मासारु यांच्या दिग्दर्शनाखाली तिचा चित्रपट केला. अभिजन कुटुंबातील स्त्रीचे अपहरण, तिचे बंधन, आणि तिच्या प्रतिकाराचे हळूहळू कामनेत होणारे रूपांतर, हा कथेचा गाभा. येथे दोरी आणि शब्द यांचे नाते तिसऱ्यांदा पालटते. यातनागृहात शब्द हिसकावला जात होता, किंकाकुजीच्या प्रवेशात बांधलेल्या स्त्रीचे चिन्ह तिला मुक्त करीत होते. येथे तिचा शब्द उच्चारला जातो, परंतु त्याचे मूल्य शून्य होते. तिचा नकार हा होकाराचा पूर्वरंग आहे, असा वाचनसंकेतच ही कादंबरी प्रस्थापित करते.

कल्पित वाङ्मयात असा संकेत असणे हा स्वतःहून अपराध ठरत नाही. भयकथेतील खून वाचणारा खुनी होत नाही, तसेच हे आहे. अडचण अन्यत्र आहे. वाङ्मय जेव्हा व्यवहाराचे पाठ्यपुस्तक बनते आणि नकाराचे चिन्ह कल्पिताने आधीच वापरून टाकलेले असते, तेव्हा खऱ्या नकारासाठी भाषेत जागा उरत नाही. ‘नको’ हा शब्द खेळातील उद्गार आहे की खेळाबाहेरील आज्ञा आहे, हे ऐकणाऱ्याने कसे ठरवावे? या प्रश्नाचे उत्तर मासिकांच्या परंपरेत तयार नव्हते. ते मुख्यतः अन्यत्र घडले आणि उशिरा घडले.

५.

लिओपोल्ड फॉन साखर-माझोख याची ‘व्हीनस इन फर्स’ ही कादंबरी १८७० मधील. क्राफ्ट-एबिंग याने १८९० मध्ये त्याच्या आडनावावरून ‘मॅसोकिझम’ हा रोगवाचक शब्द बनविला. पुढे १९६७ मध्ये झील द्यलझ यांनी माझोखला वैद्यकाच्या ताब्यातून सोडवून वाङ्मयाकडे परत आणले. साद आणि माझोख ही एकाच नाण्याची दोन अंगे नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. सादच्या विश्वात संस्था आहे, माझोखच्या विश्वात करार आहे. माझोखचा नायक स्वतःच्या दास्याचा मसुदा स्वतः वाटाघाटीने ठरवितो, आणि त्याच्या कथनात कृती पुनःपुन्हा स्थगित होते, अधांतरी राहते. या मांडणीच्या प्रकाशात पाहता होजोजुत्सुची दोरी ही संस्थेची दोरी ठरते. आजच्या किनबाकूची दोरी कराराची असल्याचे सांगते. एकीपासून दुसरीकडे जाताना आकृती बदललेली नाही. आकृतीला अर्थ देणारी उक्ती तेवढी बदलली आहे.

ही उक्ती सूत्रबद्ध झाली ती अमेरिकेत. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधील समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेच्या कामात डेव्हिड स्टाइन यांनी ‘सुरक्षित, विवेकी, संमतिपूर्वक’ अशी त्रिपदी मांडली. १९९९ मध्ये गॅरी स्विच यांनी तिला पर्याय सुचविला : ‘धोक्याची जाणीव असलेली संमती’. या दुसऱ्या सूत्रामागील आक्षेप विचारार्ह आहे. कोणतीही कृती निखालस सुरक्षित असत नाही. गिर्यारोहक डोंगरास सुरक्षित म्हणत नाही, तो त्याचे धोके जाणतो. त्सुरीसारख्या प्रकारास ‘सुरक्षित’ हे विशेषण लावणे म्हणजे ज्याला संमती द्यावयाची तेच दडविणे होय.

याच परंपरेने ‘सुरक्षाशब्द’ रूढ केला. खेळात सहजी येणार नाही असा एखादा शब्द आधी ठरवावा आणि तो उच्चारताच सर्व काही थांबावे, अशी ही योजना. अनेक ठिकाणी वाहतूकदिव्यांचे रंग वापरतात : ‘पिवळा’ म्हणजे सावकाश, ‘लाल’ म्हणजे थांबा. तोंड बांधलेले असल्यास मुठीतील वस्तू खाली टाकणे हे चिन्ह ठरवितात. चिन्हमीमांसेच्या दृष्टीने ही योजना अर्थपूर्ण आहे. सोस्यूर म्हणतो ती चिन्हाची यादृच्छिकता येथे जाणीवपूर्वक योजलेली आहे. ‘नको’ या शब्दाला कल्पिताने गिळले असल्याने त्या जागी कोणताही इतिहास नसलेला शब्द आणावा लागला. यातनागृहातील शब्द दोरी आवळल्यानंतर निघत होता आणि दंडाकडे नेत होता. हा शब्द दोरी घालण्यापूर्वी दोघांनी मिळून ठरविलेला असतो आणि तो दोरी सोडवितो. शिक्षेची दोरी आणि संमतीची दोरी यांतील भेद छायाचित्रात दिसत नाही, तो या एका शब्दाच्या अस्तित्वात आहे.

६.

परंतु शब्दही पुरेसा नाही, कारण देहाची काही संकटे निःशब्द असतात. ‘ताकातेकोते’ ही किनबाकूची सर्वांत प्रसिद्ध बांधणी. हात पाठीमागे घेऊन छाती व दंड यांभोवती वरून आणि खालून वेढे दिले जातात. दोरी सामान्यतः तागाची, सुमारे ६ मिलिमीटर जाडीची आणि ७ ते ८ मीटर लांबीची असते. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारा रेडियल मज्जातंतू दंडाच्या बाहेरील बाजूस हाड व त्वचा यांच्यामध्ये फारशा संरक्षणाविना जातो. वेढा तेथे रुतला आणि त्यावर देहाचा भार आला तर थोड्या काळातही तो चेपला जाऊ शकतो. परिणामी मनगट लुळे पडते, हात वर उचलता येत नाही. ही इजा बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून येते, परंतु नेहमीच पूर्णपणे येते असे नाही. विशेष म्हणजे ती होत असताना वेदना होईलच याची शाश्वती नसते. मुंग्या, बधिरता, अंगठा व बोटे यांतील बळ कमी होणे, एवढ्याच तिच्या पूर्वखुणा.

बांधलेली व्यक्ती पुष्कळदा एका तंद्रीत जाते. त्या अवस्थेत तिला खुणा जाणवत नाहीत, किंवा जाणवूनही त्या सांगाव्याशा वाटत नाहीत. म्हणून जाणते साधक शब्दाची वाट पाहत नाहीत. ते मधूनमधून बोटे हलविण्यास सांगतात, आपले बोट घट्ट धरावयास लावतात, हाताचा रंग व उष्णता पाहतात. हाताला बधिरता आली तर बांधणी दुरुस्त करीत न बसता ती सोडवितात. बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवतात, कारण भार पडलेली गाठ हाताने सुटत नाही. बांधलेल्या व्यक्तीस क्षणभरही एकटे सोडीत नाहीत. गळ्याभोवती दोरी घालीत नाहीत. मद्य वा अमली पदार्थ घेतलेले असता बांधीत नाहीत. पूर्वीची दुखापत, श्वसनाचे वा रक्ताभिसरणाचे विकार यांची चौकशी आधीच करतात, आणि दोरी सुटल्यानंतरही त्या व्यक्तीजवळ थांबतात.

त्सुरीत हे सर्व धोके वाढतात. जमिनीवर असताना देह स्वतःचा भार स्वतः वाहतो. टांगल्यावर तोच भार दोरीच्या काही पट्ट्यांवर एकवटतो, छाती आवळली गेल्यास श्वास उथळ होतो, भोवळ येऊ शकते. आढा, कडी वा दोरी यांपैकी काहीही तुटले तर हात बांधलेल्या व्यक्तीला पडताना स्वतःला सावरता येत नाही. त्यामुळे हा प्रकार चित्र पाहून वा वाचून शिकण्याचा नाही. जमिनीवरील बांधणीचा दीर्घ अभ्यास, अनुभवी शिक्षकाचे साक्षात मार्गदर्शन आणि टांगण्याचा कालावधी अल्प ठेवण्याचा संयम यांशिवाय त्याकडे वळू नये, असाच जाणत्यांचा आग्रह असतो. रोममध्ये २०११ साली दोन स्त्रियांना एकाच दोरीने, गळ्याशीही वेढा घेऊन, अशा रीतीने बांधण्यात आले की एकीचा भार दुसरीस तोलावा लागे. एक कोसळली आणि दोघींचे गळे आवळले गेले. एकीचा मृत्यू झाला. तोल जाणे हीच ज्या रचनेतील नाट्याची जागा, तीत भोवळीसारखी क्षुल्लक गोष्टही प्राणघातक ठरते, याचा हा दारुण पुरावा होय.

या विचाराला भारतीय परंपरेत एक प्राचीन समांतर आहे. ‘कामसूत्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात वात्स्यायन प्रहणनाचे प्रकार सांगतो आणि त्याच ओघात अपघातांची नोंद करतो. चोल राजाच्या हातून चित्रसेना गणिका मरण पावली, कुंतलाधिपती शातकर्णी सातवाहनाच्या हातून राणी मलयवती मरण पावली, आणि नरदेवाच्या चुकलेल्या आघाताने एक नटी एका डोळ्याने अंध झाली. दख्खनच्या इतिहासात ज्या घराण्याचे स्थान एवढे मोठे, त्याच्या एका राजाचे नाव कामशास्त्रात धोक्याचा दाखला म्हणून यावे, हे मराठी अभ्यासकाने ध्यानी घेण्यासारखे आहे. वेगाने धावणाऱ्या घोड्याला वाटेतील खड्डा दिसत नाही तसे रतिवेगात माणसाचे होते, असा दृष्टांत वात्स्यायन देतो, आणि जे प्राणावर बेतणारे आहे ते ज्या प्रदेशात रूढ असेल तेथेही टाळावे असे बजावतो. शास्त्रकाराने सुखाच्या विवेचनातच मृत्यूची नोंद करणे ही एक वाङ्मयीन रीतही आहे. योशितोशीच्या चित्रात आणि दान यांच्या कादंबरीत जे नाही ते येथे संहितेच्या आत आहे.

७.

संमती ही प्रतिमेबाहेर राहणारी गोष्ट असल्याने प्रतिमेवरून तिचा निवाडा करता येत नाही. याचा प्रत्यय २०१८ मध्ये आला. दोरीने बांधलेल्या स्त्रियांच्या छायाचित्रांसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या अराकी नोबुयोशी यांच्यासोबत अनेक वर्षे काम केलेल्या काओरी या नर्तिकेने त्या वर्षी जाहीर निवेदन केले. आपल्याशी कधी लेखी करार झाला नाही, आणि आपल्या प्रतिमांचा वापर आपल्या संमतीविना होत राहिला, असा तिचा आरोप होता. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये अराकींच्या कामाचे मोठे प्रदर्शन चालू होते. कलासमीक्षेने तोवर त्या छायाचित्रांत मृत्यू, स्मृती, फुले, शहर असे पुष्कळ काही वाचले होते. चौकटीतील स्त्रीला काय विचारले गेले होते हा प्रश्न त्या वाचनात क्वचितच आला होता. प्रतिमेतील शांत मुद्रेला संमतीची खूण मानणे म्हणजे ‘हाना तो हेबी’तील वाचनसंकेतच समीक्षेत आणणे होय.

कायद्यानेही या प्रश्नाची सोपी उत्तरे दिलेली नाहीत. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये ब्राउन खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला की कामसुखासाठी केलेल्या शारीरिक इजेच्या बाबतीत संमती हा बचाव होऊ शकत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९७ मध्ये त्या शिक्षांत हक्कभंग मानला नाही. भारतीय दंडविधानाच्या कलम ८७ मध्ये अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीचा विचार होता आणि त्याचे उदाहरण म्हणून करमणुकीखातर केलेल्या पट्टेबाजीचा दाखला दिलेला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये हेच तत्त्व आहे. मात्र मृत्यू वा जबर दुखापत घडविण्याचा हेतू, किंवा ती घडण्याचा संभव असल्याची जाणीव, असेल तेथे ही सवलत थांबते. जबर दुखापतीच्या व्याख्येत पंधरा दिवस नित्याचे व्यवहार करता न येणे याचाही अंतर्भाव आहे. लुळे पडलेले मनगट या मापात बसू शकते. धोक्याची जाणीव हे साधकांच्या सूत्रात संमतीचे बळ आहे, कायद्याच्या सूत्रात तीच जाणीव संमतीची मर्यादा ठरते. हा विरोध शब्दच्छलाने मिटणारा नाही.

किनबाकूच्या इतिहासावरून साहित्यसमीक्षेस एक शिस्त घेता येईल. वेदनेच्या प्रतिमेस तिच्या आशयावरून विकृत ठरवणे जितके उथळ, तितकेच तिला केवळ रूप मानून देहाचा प्रश्न झटकणेही उथळ. बांधलेल्या युकिहिमेपुढे रसिकाने रसिक असावे, कारण तेथे दोरीचा भार कुणाच्या दंडावर नाही. छायाचित्रापुढे, प्रयोगापुढे आणि टांगलेल्या देहापुढे मात्र रसास्वादाच्या आधी एक लौकिक चौकशी उभी राहते : थांबविण्याचा शब्द कोणाजवळ होता, आणि तो ऐकावयास कोणी जवळ होते काय? त्या चौकशीचे उत्तर प्रतिमेत सापडत नसेल तर ते प्रतिमेबाहेर जाऊन शोधावे लागेल, आणि तो शोध समीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.